झॉम्बी कॉमिक काढायचंय? आधी चपला मोजा

महिन्यातनं एखादा तरी मेसेज येतोच, दादा झॉम्बी कॉमिक काढायचंय, चेहरा कसा सडवायचा तेवढं शिकवा. सोबत पाच-सहा स्केच. सगळ्यांत एकच गडी, डोळा लोंबतोय, दात बाहेर, शर्ट फाटलाय आणि मागं पिक्चरमधली अमेरिकन गल्ली. स्केच भारी असतात बरं का, माझ्यापेक्षा चांगला हात असतो पोरांचा. पण स्टोरी काय म्हणून विचारलं की "व्हायरस येतो आणि मग सगळे पळतात". कुठं पळतात? "असंच, सिटीत." कुठल्या सिटीत लगा, तू राहतोस उचगावात.

तर ही सगळी बडबड एकदाच लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की विषय कट. मी काय मोठा आर्टिस्ट न्हवं. दिवसा कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात फ्लेक्स डिझाइन करतो, वाढदिवस, भावी नगरसेवक, गॉगल लावलेला कुत्रा, सगळं केलंय. रात्री कॉमिक. माझं पहिलं झॉम्बी कॉमिक 40 पानांचं होतं, त्यातली पहिली 12 पानं नुसती लॅब, शास्त्रज्ञ आणि फुटलेली बाटली. मित्राला वाचायला दिलं, त्यानं बाराव्या पानावर चहाचा कप ठेवला तो ठेवलाच.

कारण सांगू नका, नियम ठरवा

'द वॉकिंग डेड' हे कॉमिक ऑक्टोबर 2003 ला सुरू झालं आणि जुलै 2019 ला 193 व्या अंकावर संपलं. एवढ्या अंकांत मढी का उठली हे लेखक रॉबर्ट किर्कमननं कॉमिकात सांगितलंच नाही आणि वाचणाऱ्याचं काही अडलं नाही. त्यानं दिला तो नियम, चावा बसो किंवा न बसो, जो मरतो तो उठतो. आता ह्या एका नियमानं काय होतं बघा, दार लावून भागत नाही, कारण आत झोपलेला पेशंट आजोबा रात्री गेला तर धोका घरातच. बाहेरच्यापेक्षा आतल्याची भीती. लॅबची 12 पानं काढून मला जे जमलं नाही ते त्यानं एका वाक्यात केलं.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या मढ्यांचे नियम लिहा. ती कशाच्या मागं येतात, आवाजाच्या, उजेडाच्या, वासाच्या? जिना चढता येतो का? कडी काढता येते का? कशानं थांबतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चावल्यापासून उठेपर्यंत वेळ किती. 10 सेकंद ठेवला तर तुमचं कॉमिक मारामारीचं होणार, 10 तास ठेवला तर घरातल्या माणसांचं होणार, म्हणजे कोणीतरी भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून बसलाय आणि काय झालं म्हटलं तर काय न्हाई म्हणतोय. मला दुसरं आवडतं. नियम एकदा लिहिले की मोडायचे नाहीत. चौथ्या पानावर मढ्याला जिना चढता येत नव्हता आणि विसाव्या पानावर हिरोईन गच्चीवर आहे म्हणून तो चढला, असं केलं की वाचक तिथंच उठतो.

आपल्याकडं अजून एक भानगड आहे. बाहेरच्या कॉमिकात कबरीतनं हात बाहेर येतो तो सीन सगळ्यांना काढायचाच असतो. आपल्यात बहुतेक लोक जाळतात, जळालेलं उठत नाही. आणि दफन करणाऱ्या समाजाची जागा दाखवून तिथनंच संकट सुरू झालं असं काढणं मला पटत नाही, तुम्ही काय फक्त भुतं काढायला बसलेला असता आणि होऊन बसतं भलतंच. त्यापेक्षा उलटं वापरा. आमच्या पंचगंगा स्मशानात शेणी (गोवऱ्या) लागतात, होळीला लोक शेणी दान करतात. तुमच्या कथेत पेठेतली पोरं रोज शेणी मोजतायत, आज किती जणांना अग्नी देता येईल आणि किती जण रात्री उठतील, हा हिशोब. कबरीतल्या हातापेक्षा हे कितीतरी भयानक आहे.

नावाचं पण ठरवा. अमेरिकेत 1954 ला कॉमिक्स कोड आला, म्हणजे कॉमिक छापणाऱ्यांनी स्वतःच लावून घेतलेली नियमावली, आणि त्यात चालती मढी, व्हॅम्पायर, वेअरवुल्फ सगळ्यांवर बंदी. 1971 ला नियम सैल झाले तेव्हा व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फ सुटले कारण जुन्या पुस्तकांत त्यांचं नाव होतं, झॉम्बी बिचारा अडकूनच राहिला. मग मार्वलनं काय केलं, त्याला 'झुव्हेंबी' म्हणून छापलं. गडी तोच, नाव दुसरं, कोडवाले गप्प. आपल्याला कुणी अडवलेलं नाही तरी विचार करा, शिवाजी पेठेतला माणूस त्याला खरंच झॉम्बी म्हणेल? पहिल्या दिवशी कॉलेजची पोरं म्हणतील. चौथ्या दिवशी मडं. नंतर नुसतं 'ती' म्हणतील, 'ती आल्यात खाली'. आणि आपल्या आज्या तर जिवंत नातवाला दिवसातनं चाळीस वेळा मेल्या, मुडद्या म्हणतात, हे तर फुकटात मिळालेलं सोनं आहे, त्याच्यावर पुढं येतोच.

मोजायला कुठं शिकलो

2019 च्या ऑगस्टमध्ये मी शाहूपुरीत मामाच्या घरी अडकलो होतो, पहिल्या मजल्यावर, आम्ही सहा जण. ज्यांनी तो पूर बघितलाय त्यांना सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. त्यावर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल बंद, नळाला पाणी नाही कारण पाणी उपसायच्या मोटारीच पाण्यात. आणि रात्रभर सगळ्यांचा एकच प्रश्न, "फूट किती झालं?" कुणी ओरडत नव्हतं, कुणी पळत नव्हतं. मामी कॅलेंडरच्या मागं लिहायची, मेणबत्त्या 4, दूध पावडर अर्धी, मामाच्या बीपीच्या गोळ्या 9. दुसऱ्या दिवशी 3, पाव, 8. जिन्याच्या पायऱ्या मी मोजायचो, बुडालेल्या नऊ, उरलेल्या सात.

घरी आल्यावर माझं 40 पानांचं कॉमिक काढून बघितलं आणि कळलं की ह्यात मोजायला काहीच नाही. मढी हजारो, गोळ्या हजारो, माणसं कोण किती कुणास ठाऊक. भीती कशाची वाटणार? पुरात पाणी हळूहळूच येतं, कुठनं येणार ते माहीत असतं, किती येणार ते पण लोक सांगत असतात, आणि तरी काही करता येत नाही. चांगला झॉम्बी तसाच असतो.

तेव्हापासून मी एकच करतो. वाचकाला आधी काहीतरी मोजायला लावायचं आणि मग त्यातलं एक कमी करायचं. बाकीचं सगळं ह्याच्याच आजूबाजूला आहे.

म्हणून चित्राच्या आधी घरातली यादी करा, खरोखरची, आकड्यांत. गच्चीवर 1000 लिटरची टाकी आहे, घरात 6 माणसं. पिणं आणि स्वयंपाक माणशी 5 लिटर धरला तर दिवसाला 30, म्हणजे टाकी महिनाभर जाते. त्यात अंघोळ, भांडी, संडास आला आणि माणशी 20 लिटर झाले की 8 दिवसांत खडखडाट. आता भांडण कशावरून होणार ते मी सांगायची गरज आहे का? वहिनी बाळाची दुपटी धुती आणि थोरला दीर टाकीत टॉर्च मारून बघतोय, मढं न दाखवता दोन पानं गेली की. किंवा घरात शुगरची आई आहे, इन्सुलिनची चालू कुपी फ्रिजबाहेर साधारण 28 दिवस टिकते, न उघडलेल्या कुप्या फ्रिजमध्ये आणि लाईट गेलेली. झालं तुमचं घड्याळ तयार. गॅस, इन्व्हर्टर, मोबाईलची बॅटरी, गाडीतलं पेट्रोल, ह्यातलं सगळं घेऊ नका, दोन घ्या आणि दर दोन-तीन पानांनी दाखवा, बोलून नव्हे, चित्रात. मेणबत्तीची उंची कमी होत जाते ते कुणीच वाचत नाही पण सगळ्यांना कळतं.

जागा

जी गल्ली तुम्ही डोळे झाकून चालू शकता तीच घ्या. राजारामपुरीच्या गल्ल्यांना नंबरच आहेत, 'ती चौथ्या गल्लीपर्यंत आल्यात' म्हटलं की कोल्हापूरकर मनातल्या मनात बोटं मोजतो, पुढचं काम आपोआप. आणि हे बाहेरच्या वाचकाला पण कळतं, नंबर हा नंबर असतो. पेठेतला जुना वाडा घेतला तर अजून मजा, पुढं एक दरवाजा, त्याला अडसर, मागं परडं, परड्याची भिंत पडकी, आत आड. एक बळकट जागा आणि एक कच्ची जागा, एवढं पाहिजेच. वहीत त्याचा वरनं दिसणारा नकाशा काढा, दार कुठं, जिना कुठं, कोण कुठं झोपतं, आणि पहिल्या तीन-चार पानांत वाचकाला त्या घरातनं एकदा फिरवून आणा, चहाचा कप घेऊन कुणीतरी मागनं पुढं जातंय अशा साध्या निमित्तानं. नंतर परड्यात आवाज झाला की त्याला सांगावं लागत नाही की तिथं भिंत पडकी आहे. त्याला माहिताय. तो ओरडायला लागतो मनात.

रंकाळा, अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप हे सगळं एकाच कॉमिकात कोंबू नका. टुरिझमचं ब्रोशर होतं. माझ्या एका कॉमिकात मी खासबाग मैदान घातलं होतं फक्त डबल पेज चांगलं दिसतं म्हणून, भर मैदानात हजार मढी. दिसलं भारी. घाबरलं कोण नाही.

हत्यारांचं

बंदुका विसरा. कुणाकडं असतात आपल्याकडं? जपानी 'आय ॲम अ हिरो' मध्ये, केंगो हानाझावाचं, 2009 ते 2017 चाललं, हिरो एका मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, काढणाऱ्या आर्टिस्टचा असिस्टंट आहे आणि त्याच्याकडं लायसन्सची एक शॉटगन आहे. जपानमध्ये बंदूक असणं हेच नवल, म्हणून त्या एकाच बंदुकीला किंमत येते, आणि गडी एवढा नियमाचा की सगळं शहर कोसळतंय तरी लायसन्सच्या नियमांचा विचार करतोय. आणि पहिल्या खंडात तर जवळजवळ त्याचं रोजचं रडगाणंच आहे. घाई नाही.

आपल्याकडं कोयता आहे, तालमीतलं मुद्गल आहे, काठी आहे. दांडपट्टा पण आहे आणि मर्दानी खेळ शिकलेली पोरं-पोरी पण आहेत, मोह होणारच, पण एक सांगू का, दांडपट्टा घेऊन वीस मढी कापणारा हिरो आला की तुमचं सर्व्हायव्हल संपलं आणि मारधाडीचा पिक्चर सुरू झाला. द्यायचाच तर द्या, पण हात दमतो ते दाखवा, कोयत्याची धार जाते ते दाखवा, धार लावायचा आवाज होतो आणि आवाजाला ती येतात. बघा, नियम लिहून ठेवल्याचा फायदा.

आठ पानांची गोष्ट

पहिलंच 200 पानांचं ग्राफिक नॉव्हेल घेऊ नका. आठ पानं. दोन ए4 कागद, दोन्ही बाजूंनी छापायचे, मधोमध दुमडायचे, झालं ए5 साइजचं पुस्तक. आठच का, तर पान उलटण्याचा खेळ शिकायला एवढं पुरतं. पुस्तक हातात धरा, 1 एकटं, मग 2-3 समोरासमोर, 4-5, 6-7, आणि 8 पाठीमागं. म्हणजे वाचक कागद उलटतो तेव्हा डोळ्यासमोर पहिलं येतं ते सम नंबरचं पान. धक्का तिथंच, 2, 4, 6 किंवा 8 च्या पहिल्या चौकटीत. तोच धक्का 5 व्या पानावर ठेवला तर वाचकाला 4 वाचता वाचताच डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसतो, वाया. आणि विषम पानाची शेवटची चौकट म्हणजे उलटायला लावणारी, तिथं आवाज, अर्धं वाक्य, कडीवर हात. मांगा बघून लेआउट उचलणाऱ्यांनी जपून, ती पुस्तकं उजवीकडनं डावीकडं चालतात, त्यांचं धक्क्याचं पान उजव्या हाताला येतं. तसंच्या तसं उचललं की तुमचं सगळं एका पानानं घसरतं. मी घसरलोय.

आता माझीच एक आठ पानांची गोष्ट उघडून दाखवतो.

पान 1. पेठेतलं घर, लाकडी जिना. सच्या नवीन कोल्हापुरी चप्पल घालून वर येतोय, करकर वाजणारी. प्रत्येक पायरीवर अक्षरं, कर्र कर्र, कर्र कर्र. वरनं आजी, "मेल्या, चपला खाली काढ, पोथी वाचायलोय मी." (आजी 'वाचायलोय' म्हणते, 'वाचतेय' नाही. आमच्याकडं बायका पण मी आलो, मी जातो असंच बोलतात. डायलॉग लिहिताना हे विसरलात तर तुमची आजी पुण्याची होते.)

पान 2 आणि 3. काहीच घडत नाही. सच्या मोबाईल बघतोय, आजी त्याला गंगावेशीतनं धारेचं दूध आणायला सांगते, किटली देते. जिन्यातनं उतरताना परत कर्र कर्र. तिसऱ्या पानाची शेवटची चौकट, सच्या कोपऱ्यावर वळतो, तोंडावर प्रश्नचिन्ह.

पान 4. उलटलं की अख्खं पान एकच चित्र. गंगावेशीतला कट्टा, म्हशी उभ्या, कासा भरलेल्या, दूध सांडून वाहतंय आणि माणूस एक नाही. रोज संध्याकाळी गर्दी असणारी जागा. मढं नाही, रक्त नाही. बघणाऱ्याला आपोआप माणसं मोजाविशी वाटतात आणि आकडा शून्य येतो.

पान 5. आजी खिडकीत. खाली दुकानांची शटर एकापाठोपाठ एक पडतायत, खडखडखडखड.

पान 6. रात्र. लाईट नाही. आजी मेणबत्त्या मोजते, दोन. काड्या मोजते. ताटं मांडते, दोन. एका ताटावर दुसरं ताट झाकून ठेवते.

पान 7. जिना, अंधार, फक्त अक्षरं. कर्र. फस्स. कर्र. फस्स. कर्र. शेवटच्या चौकटीत आजीचा चेहरा, हसतेय, हात कडीवर.

पान 8. आतनं बंद दार, आजीची पाठ, कडी अर्धी उचललेली. एकच फुगा, "मेल्या, एक चप्पल कुठं टाकलीस?"

बस. ह्या गोष्टीत मी एकदाही मढं काढलेलं नाही. दाराबाहेरनं उत्तर येतं असं एक व्हर्जन केलं होतं, तुटक्या अक्षरांत 'आ जी'. दोन्ही व्हर्जन मित्रांना वाचायला दिली. उत्तरवालं वाचून म्हणाले भारी आहे लगा. बिनउत्तराचं वाचून दोघं गप्प बसले आणि पान मागं उलटून पहिल्या पानावर गेले, कर्र कर्र जोडीनं होतं का ते बघायला. मी उत्तर काढून टाकलं.

आवाज आणि अक्षरं

ह्या बाबतीत मराठी लई श्रीमंत आहे आणि तरी पोरं 'बूम' आणि 'क्रॅश' देवनागरीत लिहितात. शटर खडखडतं, बिजागरी कुरकुरते, ओला पाय फचकन पडतो, उसात काहीतरी चाललं की सळसळ, हाड मोडलं की कट्, कौलावर काहीतरी पडलं की धप्प. ऊस ही तर झॉम्बीसाठी बनवलेली जागा आहे, दोन हात पुढचं दिसत नाही, फक्त ऐकू येतं, आणि ते वारं आहे की अजून काय ते कळत नाही. वाचकाला आधी दोनदा वाऱ्याची सळसळ दाखवा, पानाच्या वरच्या भागात, बारीक अक्षरं. तिसऱ्यांदा तीच सळसळ खाली, बुडख्याजवळ. वारं बुडख्याजवळ हलत नाही.

देवनागरीत एक गोष्ट आहे जी इंग्रजी कॉमिकवाल्यांकडं नाहीच, शिरोरेघ. ही ट्रिक मी फ्लेक्सच्या दुकानात अक्षरं कापता कापता शोधली, कुणी आधी केली असेल तर माहीत नाही. चावा बसलेल्या माणसाचे फुगे आधी नीट लिहा, शिरोरेघ सरळ. दोन पानांनी एका शब्दाची रेघ मधेच तुटलेली. मग अजून दोन. तो बोलतोय तेच, "मी ठीक आहे, तुम्ही जेवून घ्या", पण अक्षरं सुटी व्हायला लागलीत, एकमेकांना धरत नाहीत. शेवटी रेघच नाही. वाचकाला काय बदललं ते लगेच सांगता येत नाही, फक्त अस्वस्थ होतं. ह्याच्यासाठी अक्षरं हातानं काढा किंवा फॉन्टमध्ये टाइप करून त्याचं चित्र बनवून मग खोडा. फॉन्ट पाहिजे तर कलम, बालू, मुक्ता हे फुकट आहेत आणि युनिकोड आहेत. काही ड्रॉइंग ॲप जोडाक्षरं फोडतात, वेलांटी भलत्याच अक्षराला जाते, म्हणून काम सुरू करायच्या आधी 'किंकाळी' आणि 'रक्त' हे दोन शब्द टाइप करून बघा. आणि ओळींमध्ये जागा जास्त सोडा, आपल्याला वर मात्रा आणि खाली उकार असतात, इंग्रजीच्या मापानं फुगा काढला की अक्षरं एकमेकांच्या डोक्यावर बसतात.

आता मढं, थोडक्यात

चेहरा सडवणं हे सगळ्यात शेवटचं काम. मढं ओळखू येतं ते चालण्यावरनं, वजन एकाच पायावर, खांदा पडलेला, आणि समोर स्टूल असलं तरी वळसा घालत नाही, अडखळून तसंच पुढं. सराव करायचा असेल तर पहाटे पाचला कावळा नाक्यावर जाऊन बसा, मुंबईच्या ट्रॅव्हल्समधनं उतरणारी माणसं काढा, तुम्हाला दुसरा रेफरन्स लागणार नाही. आणि त्याच्या अंगावर त्याचं काम ठेवा. कंडक्टरची बॅग, दूधवाल्याची किटली, कॉलेजचं आयकार्ड, हातातलं लग्नाचं कंकण. गर्दी काढताना पण दहातला एक तरी असा पाहिजे ज्याला वाचकानं चार पानांपूर्वी जिवंत बघितलंय. बाकी नऊ काळ्या सावल्या चालतात.

काळं-पांढरं करा. वॉकिंग डेड पण काळं-पांढरंच होतं, पहिले सहा अंक टोनी मूरनं काढले आणि सातव्यापासनं शेवटपर्यंत चार्ली ॲडलार्डनं, वर ग्रे टोन. आपल्याला झेरॉक्सवर काढायचंय म्हणून ग्रे नको, चिखल होतो, रेघांची जाळी किंवा ठिपके वापरा. रात्रीच्या सीनला आधी ठरवा उजेड कुठनं येतोय, मेणबत्ती, टॉर्च, मोबाईल, आणि बाकी सगळं शाईनं भरून टाका, घाबरू नका, पोरं काळं करायला फार घाबरतात. काळ्यात काय आहे ते वाचक स्वतः भरतो आणि तो तुमच्यापेक्षा चांगलं भरतो.

छपाई

चित्र ए4 वर काढा आणि ए5 ला आणा, 71 टक्के होतं, हात लपतो. फक्त लक्षात ठेवा की रेघा पण तेवढ्याच बारीक होतात, फार बारीक पेन वापरलं तर झेरॉक्सवर रेघ गायब. अक्षरं मूळ कागदावर 14 पॉइंटच्या खाली नको, छापल्यावर ती 10 च्या आसपास येतात. स्कॅन 600 डीपीआयला करा, नुसतं काळं-पांढरं. पानं अशी लावायची, पहिल्या कागदाच्या बाहेरच्या बाजूला 8 आणि 1, आतल्या बाजूला 2 आणि 7, दुसऱ्या कागदाला बाहेर 6 आणि 3, आत 4 आणि 5. पीडीएफ असेल तर प्रिंटमध्ये बुकलेट म्हणून ऑप्शन असतो तो आपोआप लावतो, फक्त दोन्ही बाजूंना छापताना छोट्या बाजूवर पलटी निवडा, नाहीतर आतली पानं उलटी. एकदा एका झेरॉक्सवाल्यानं मला 100 प्रती अशा उलट्या दिल्या होत्या आणि वर म्हणाला, भुताचंच आहे न्हवं, चालतंय की.

मोबाईलवर टाकणार असाल तर पान उलटणंच नाही, तिथं धक्का अंतरावर असतो. दोन चौकटींमध्ये अंगठा दोन-तीनदा फिरवायला लागेल एवढं काळं सोडा. सातव्या पानावरचं कर्र आणि फस्स मी तिथं एकेक करून खाली खाली ठेवलंय, मधलं अंतर दर वेळी थोडं कमी.

स्टेपलर लांब हाताचा लागतो, तो नसेल तर पुस्तक उघडं करून थर्माकोलवर पालथं ठेवायचं, साधा स्टेपलर उघडून वरनं दोन पिना मारायच्या, उचलायचं आणि पिनांची टोकं चमच्यानं वाकवायची. बोटानं वाकवू नका.